सहा बाय चारच्या प्लायवर घाट मावत नाही, कर्जत मावतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: विक्रोळीत वन बीएचके. दोन वर्षांपूर्वी छोट्या मॉडेल रेल्वेचं एचओ स्केलमध्ये (१:८७ मापात) काम सुरू केलं, सहा बाय चार फुटांच्या प्लायवर कर्जत–लोणावळा घाट उभा करायचा बेत. तीन इंजिनं, नऊ डबे, पाच सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) जमवले. रूळ टाकून झाले, एक बोगदाही झाला. मग जुलैमध्ये बोर्ड मधोमध फुगला. चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात, सांध्यावर गाडी अडते आणि बोटाने ढकलावी लागते. बोर्ड पलंगाला टेकवून उभा असतो म्हणून घरात रोजची कुरकुर. इतरांच्या कामाचे फोटो दर आठवड्याला पुढे सरकलेले दिसतात, आपलं मात्र गाडं रुतलेलं. आणि शेवटी विचारलंत, ‘एचओ विकून एन स्केलला जाऊ, की नाद सोडून देऊ?’ (एन म्हणजे एचओपेक्षाही लहान माप.)

आधी माझी ओळख, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेल्स करण्यात माझी तीस वर्षं गेली. बुकिंग ऑफिसात काचेखाली ठेवतात ना, ती. लालबागला वर्कशॉप होतं. छोट्या रेल्वेचा नाद त्याहून जुना. आजवर सात लेआउट, म्हणजे बोर्डवर मांडलेल्या रेल्वे, सुरू केले, त्यातले तीन अर्धवट मोडले. मोडलेल्या तिन्हींची गोष्ट तुमच्यासारखीच होती, त्यामुळे हे उपदेश म्हणून घेऊ नका.

मला वाटतं, स्केल हा तुमचा खरा प्रश्नच नाही. एनमध्ये गेलात तरी तुम्ही पुन्हा सहा बाय चारचाच बोर्ड घ्याल आणि त्यावर कर्जतच्या जोडीला खंडाळाही बसवायला जाल. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, तुम्हाला एकट्याला उचलता येत नाही एवढा बोर्ड तुम्ही केलात. दोन, त्या बोर्डवर जे मावत नाही ते बसवायला गेलात. बाकीच्या तक्रारी, अगदी सांध्यावर अडणारं इंजिनसुद्धा, बऱ्याच अंशी यातूनच आल्यात.

घाटाचंच घ्या. बोरघाटाचा चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर खालच्या गाडीला जागा आणि वरच्या पुलाची जाडी धरून निदान ७५ मिलिमीटर उंची लागते. खऱ्या घाटाच्याच चढाने तेवढं वर जायला सुमारे पावणेतीन मीटर रूळ हवा, आणि खाली यायला तेवढाच. झाले साडेपाच मीटर. आता तुमच्या बोर्डवर १८ इंच त्रिज्येची वळणं टाकून पूर्ण फेरी मोजा. जेमतेम साडेचार मीटर भरते. म्हणजे एक मीटरहून जास्त रूळ कमी पडतोय, तोही सांधे आणि फलाटासाठी एक इंचही सपाट जागा न सोडता. तुम्ही चढाचं माप लिहिलेलं नाही, पण फलाटाची सपाट जागा वजा केलीत तर तो १:२०च्या आसपास गेला असणार. १:२० हा नेरळ–माथेरानचा चढ आहे, तिथे दोन फुटी रुळावर छोटी गाडी रांगत जाते. तुमचं इंजिन त्याच चढावर, वर वळणात, चार मोठे डबे ओढतंय. चाकं फिरणारच. इंजिनात शिसं भरून वजन वाढवा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलेला दिसतो. थोडा फरक पडेल, पण भूमितीचं गणित शिशाने सुटत नाही.

वळणांचंही तसंच. आपला आयसीएफ डबा (चेन्नईच्या कारखान्याचा जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा) बफरपासून बफरपर्यंत २२.३ मीटर. एचओ म्हणजे १:८७, तेव्हा मॉडेल साडेपंचवीस सेंटीमीटरचं झालं. एवढा लांब डबा १८ इंची वळणावर गेला की मधला भाग आत झुकतो, टोकं बाहेर येतात, आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतात. लांब डब्यांना मी २४ इंचांखाली जात नाही, आणि डोळ्यांना बरं दिसायला ३० लागतात. २४ इंच त्रिज्येची फेरी म्हणजे चार फूट तर निव्वळ वळणातच गेले, कडेला बोटभरही जागा उरत नाही.

मग एन का नको? एन १:१६०, रूळ ९ मिलिमीटरचा, तोच डबा १४ सेंटीमीटरचा होतो. बारा डब्यांची लोकल एचओमध्ये तीन मीटरच्या आसपास जाते, एनमध्ये दीड मीटरपेक्षा थोडी जास्त. ज्याला लांबच लांब गाडी डोंगरातून वळताना बघायची आहे त्याने एनच घ्यावं, मी कधी अडवत नाही. पण तीन गोष्टी बघा. तुमच्याकडे एचओचं सामान आधीच आहे आणि जुनं सामान विकताना निम्मे पैसेही हातात येत नाहीत. दुसरं, एनची चाकं हलकी, रुळावर दाब कमी, त्यामुळे धूळ आणि ओलाव्याने ती लवकर अडखळतात. तुमची आत्ताची तक्रारच अडखळण्याची आहे. तिसरं, डोळे. तुम्ही तिशीत आहात, तुम्हाला आज काही वाटणार नाही. मला आता एनचा डबा रुळावर चढवायला भिंग लागतं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि तुम्ही त्या लिहिलेल्या नाहीत. घर स्वतःचं आहे की अकरा महिन्यांच्या करारावर? तुम्हाला गाडी गोल फिरताना बघत चहा प्यायला आवडतं, की डबे जोडणं-सोडणं, इंजिन बदलणं आवडतं? गोल फिरणारी गाडीच हवी असेल तर माझं पुढचं बरंचसं बोलणं तुमच्या उपयोगाचं नाही. तुम्ही सरळ एन घ्या आणि टी-ट्रॅक पद्धतीचे सुटे तुकडे करा. ही पद्धत जपानमधून आली, तिथेही घरं आपल्यासारखीच. एक तुकडा सुमारे ३१ सेंटीमीटर लांब. रविवारी जेवणाच्या टेबलावर जोडायचे, संध्याकाळी कपाटात ठेवायचे. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘कर्जतला मागून बँकर लागतात ते लहानपणापासून बघत आलोय.’ त्या वाक्यावरून मला वाटतं तुम्हाला घाटापेक्षा कर्जत हवंय.

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या कुणालाही कर्जतचा तो थांबा माहीत आहे. आपण वडा घ्यायला उतरतो, तेवढ्यात मागे धक्का बसतो आणि डबा हलतो. घाट चढवायला मागून इंजिनं लागली, तेच बँकर. सगळा घाट तुमच्या घरात येणार नाही, पण हा धक्का येईल. आणि कर्जत सपाट आहे.

तर माझा सल्ला असा. नऊ फुटांची जी भिंत तुम्ही सांगितलीत, तिच्यावर एक फूट रुंदीचे साडेचार-साडेचार फुटांचे दोन बोर्ड. वळण नाही, चढ नाही, गोल फेरी नाही. मधे फलाट, दोन रूळ, मुंबईच्या बाजूला बँकर उभे राहायची एक छोटी साइडिंग, म्हणजे बाजूचा रूळ. पाचपैकी तीन सांधे वापरा, त्यातले लांब वळणाचे तीन निवडा. एक सांधा डावीकडे आणि लगेच दुसरा उजवीकडे येत असेल तर मधे एका डब्याएवढा, म्हणजे २५ सेंटीमीटर, सरळ रूळ ठेवा, नाहीतर डबे एकमेकांना बाजूला ओढून खाली पाडतात. दोन रुळांच्या मध्यांत मी ६० मिलिमीटर अंतर ठेवतो. परदेशी आराखड्यांत ५० दिसतं, पण आपले डबे रुंद आहेत. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद, एचओमध्ये ४२ मिलिमीटर.

(याच जागी कुणीतरी तुम्हाला सांगेल की आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, एचओमध्ये ती १९.३ भरते आणि बाजारात मिळणारा रूळ १६.५चा आहे, म्हणजे सगळंच चुकलं. बरोबर आहे. मीही एकदा १९.३चा रूळ हाताने बनवायला बसलो होतो. चार महिन्यांत दोन फूट झाला. मग चाकांचे आस बदलायची वेळ आली आणि मी ते सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. तीन फुटांवरून कुणाला कळत नाही.)

आता लांबीचा हिशोब. चार डबे म्हणजे एक मीटरपेक्षा थोडं जास्त. एक इंजिन साधारण २३ सेंटीमीटर, पुढे एक आणि मागे दोन बँकर. सगळं मिळून पावणेदोन मीटर. तुमची भिंत पावणेतीन मीटरची. गाडी उभी राहते आणि हलायला जागा उरते. अख्खी डेक्कन क्वीन नाही मावणार, ते मान्य करून टाका. चार डबे फलाटावर उभे असले आणि पुढचं टोक पुलाआड गेलेलं असलं तर बघणारा मनातच उरलेले डबे जोडतो. बिल्डरच्या मॉडेलमध्ये आम्ही हेच करायचो. स्विमिंग पूल अर्धाच दाखवायचा, उरलेला झाडांमागे.

गाडी येते कुठून आणि जाते कुठे? दोन्ही टोकांना कॅसेट. म्हणजे गाडीएवढी, पावणेदोन मीटरची एक अरुंद फळी आणि तिच्यावर १६.५ मिलिमीटर अंतर राखून चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन एल-पट्ट्या. पट्टीची उभी कड हाच रूळ. गाडी अख्खी तिच्यात शिरते. ती फळी उचलायची, फिरवायची, कपाटावर ठेवायची, दुसरी लावायची. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारा कुठलाही कारागीर उरलेल्या पट्ट्या कापून देतो. भिंत नऊच फूट आहे म्हणून कॅसेट खेळताना जोडायची आणि नंतर काढायची, एका टोकाला खुर्चीवर टेकवली तरी चालते.

हे करायला तुमचा फुगलेला प्लाय टाकून देऊ नका. रुंद तुकडा वाकला की हाताबाहेर जातो, पण तोच उभा चिरून फूट-फूट रुंदीच्या चार पट्ट्या केल्या आणि चौकटीवर स्क्रूने आवळल्या की बहुतेक बाक निघून जातो. तो फुगला का, हे मात्र समजून घ्या, नाहीतर पुढच्या जुलैत पुन्हा तेच. तुम्ही वरून रंग दिलात, खडी चिकटवली, फेविकॉलचं पाणी ओतलं. खालची बाजू कोरी. पावसाळ्यात खालून दमट हवा शिरली, वरून बाहेर पडायला वाट नाही. एक बाजू प्रसरण पावली, दुसरी जागेवर राहिली. सुतार दाराला एका बाजूने लॅमिनेट लावतो तेव्हा दुसऱ्या बाजूलाही काहीतरी लावतोच, ते याच कारणासाठी. मी हे धंद्यात शिकलो, आणि चांगलं महागात शिकलो. एका बिल्डरचं चार बाय चारचं मॉडेल उद्घाटनाच्या आदल्या रात्री मधून उचललं गेलं, दोन इमारती मागे कलल्या. रात्रभर खाली पट्ट्या मारत बसलो होतो.

तेव्हा कापल्यावर वर, खाली आणि चारही कडांना ऑइल पेंटचे किंवा टचवूडचे दोन हात द्या. कडा विसरू नका, पाणी सर्वांत आधी तिथूनच पितं. खाली १२ मिलिमीटर प्लायच्या अडीच इंची पट्ट्यांची चौकट, दर दीड फुटाला आडवी पट्टी. नवीन घ्यायचा झाला तर साधा कमर्शियल नको, मरीन ग्रेड घ्या, म्हणजे ज्यावर आयएस ७१० लिहिलेलं असतं. डोंगराला आणि उंचवट्यांना पूर्वी आम्ही गणपतीच्या मखराचा थर्माकोल वापरायचो. २०१८च्या बंदीनंतर सजावटीचा थर्माकोल बंद झाला ते एका अर्थी बरंच झालं, त्याचे दाणे रुळांत आणि गिअरमध्ये जायचे. सनबोर्ड किंवा छताच्या इन्सुलेशनची एक्सपीएस शीट घ्या. वजनाला काही नाही, दमट हवेने फुगत नाही.

आणि प्लाय कापण्याआधी एक काम. लॉफ्टच्या दाराचं माप घ्या. आतलं नाही, दाराचं. माझा एक सुंदर बोर्ड दोन इंचांसाठी माळ्यावर गेला नाही आणि वर्षभर गॅलरीत प्लास्टिक पांघरून पडला. मी तो बोर्ड धरूनच तीन मोडले म्हणतो. तुमच्या लॉफ्टचं दार चार फुटांचं निघालं तर बोर्ड पावणेचार फुटांचे करा, गाडीतला एक डबा कमी करा. बोर्ड ठेवायला जागा हवी म्हणून डबा कमी करणं मला मुळीच कमीपणाचं वाटत नाही.

आता सांध्यावर अडणारं इंजिन. इथे थोडा वेळ थांबू, कारण नाद सोडून देणाऱ्या दहांपैकी बहुतेकजण याच एका कारणाने सोडतात आणि दोष मात्र इंजिनाला देतात.

गिरगावात चाळीत राहत असताना भिंतीला बिजागरीने लटकणारा माझा एक लेआउट होता. दर जूनमध्ये त्याचा लांबचा भाग मंदावायचा. कंट्रोलरजवळ गाडी धावायची, पलीकडे गेली की रेंगाळायची. मी रूळ घासायचो, बोटं काळी व्हायची, दोन दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच. तीन पावसाळे असे गेले. शेवटी शेजारच्या वायरमनने मीटर लावला. कंट्रोलरपाशी १२ व्होल्ट, लांबच्या टोकाला सात. रुळाच्या दोन तुकड्यांना जोडणारी इवलीशी फिशप्लेटच वीज पुढे नेत होती. चौपाटीच्या खाऱ्या दमट हवेने तिच्या आत गंज धरला होता, आणि अशा अकरा फिशप्लेटा एकामागे एक. मी वरून रूळ चकचकीत करत होतो आणि रोग जोडांत होता.

तेव्हापासून माझा नियम: फिशप्लेटने फक्त रूळ सरळ रेषेत धरायचे, वीज न्यायची नाही. बोर्डाखालून दीड स्क्वेअर एमएमच्या दोन जाड तारा टोकापासून टोकापर्यंत न्या, लाल आणि काळी. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, कितीही छोटा असो, खालून बारीक तार सोल्डर करून त्या जाड तारेला जोडा. कंटाळवाणं काम आहे. दोन बोर्डांना मिळून तीस-पस्तीस जोड होतील, दोन रविवार जातील. पण नंतर दहा वर्षं तिकडे बघावं लागत नाही. सोल्डरिंगला राळेचा फ्लक्स वापरा, ॲसिडचा नको, तो इथल्या हवेत महिन्याभरात हिरवा होतो. तारा लोहार चाळीत मिळतील, स्विच आणि एलईडी लॅमिंग्टन रोडला. आणि २३० व्होल्ट बोर्डाखाली आणू नका, १२ व्होल्टचा ॲडाप्टर भिंतीपाशीच राहू द्या.

खुद्द सांध्याचं. दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो त्रिकोणी तुकडा तुमच्या सांध्यांत बहुधा प्लास्टिकचा आहे. तिथे वीज नाही. लांब इंजिनाची काही चाकं त्याआधी, काही नंतर रुळावर असतात, म्हणून ते निभावून नेतं. छोट्या इंजिनाची चाकं नेमकी तिथेच येतात, किंवा त्याच्या निम्म्याच चाकांतून वीज घेतलेली असते. ते थांबतं. उपाय दोन. इंजिनाच्या बाकीच्या चाकांना पितळेची पातळ पत्ती टेकवून तिथूनही वीज घ्या. किंवा धातूच्या त्रिकोणाचे सांधे घ्या, पण त्यात सांधा बदलला की त्या तुकड्याची धन-ऋण बाजूही बदलावी लागते. त्यासाठी महागडी मोटर नको. बोर्डाच्या कडेला साधा स्लाइड स्विच बसवा, त्याच्या दांडीला सायकलच्या चाकाचा स्पोक जोडा आणि तो बोर्डाखालून सांध्यापर्यंत न्या. स्विच सरकवला की स्पोक सांधा बदलतो आणि त्याच वेळी स्विच वीजही बदलतो. माझ्याकडचे असे स्विच पंधरा वर्षांहून जुने आहेत, एक बिघडला.

घासण्याबद्दल: सॅंडपेपर कायमचा बाजूला ठेवा. त्याने रुळावर बारीक चरे पडतात आणि मळ त्यातच बसतो. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, आणि फक्त रूळ नव्हे, चाकंही. निम्मा काळा मळ डब्यांच्या प्लास्टिकच्या चाकांनी पसरवलेला असतो. जमेल तेव्हा डब्यांना धातूची चाकं घाला. रूळ नव्याने घेताना पितळेचे नकोत, निकेल सिल्व्हरचे घ्या. नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू तो. दमट हवेत पितळाच्या मानाने त्याचा त्रास फारच कमी.

डीसीसीबद्दल (डिजिटल कंट्रोलबद्दल) तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. प्रत्येक इंजिनात चिप, प्रत्येकाला वेगळा पत्ता, छान गोष्ट आहे. तुमच्या या कर्जतला मात्र गरज नाही. उलट बँकर मागे लागले की पुढचं आणि मागची इंजिनं एकाच विजेवर एकदम हलतात, तेच तर हवंय. तीन इंजिनं एकाच कंपनीची असली तर वेगही बराचसा जुळतो. फक्त बँकरच्या साइडिंगची वीज एका स्विचने वेगळी तोडता आली पाहिजे, म्हणजे गाडी फलाटात येताना बँकर शांत उभे राहतील. आणि सावकाश चालवा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे एचओमध्ये सेकंदाला १९ सेंटीमीटर, एक मीटर जायला पाच सेकंद. फलाटात शिरताना त्याच्या निम्मं. बहुतेकांच्या गाड्या विमानासारख्या सुटतात.

देखाव्याचं मी थोडक्यात उरकतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं जमतं, बोगद्याच्या तोंडावरचा ओला काळा कातळ छान उतरलाय. खडीसाठी बांधकामाची रेती चहाच्या गाळणीने गाळा, कारण खरी खडी साधारण ५० मिलिमीटरची, एचओमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. समुद्राची वाळू नको, त्यातलं मीठ ओल धरतं. गाळलेल्यावर लोहचुंबक फिरवा, काळे कण चिकटले तर ते काढून टाका, नाहीतर ते मोटरच्या चुंबकाला जाऊन बसतात. झाडांना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, गवताला काथ्या. चहाचा चोथा जमिनीला सुरेख दिसतो पण तव्यावर पुरता कोरडा करून घ्या, नाहीतर ऑगस्टमध्ये तुमच्या कर्जतला पांढरी बुरशी येईल. विजेचे खांब फार दाट लावू नका. सरळ मार्गावर दोन खांबांत ७२ मीटरपर्यंत अंतर असतं, एचओमध्ये ते ८३ सेंटीमीटर होतं. तुमच्या अख्ख्या स्टेशनला चार-पाच पुरेत.

काम कधी करायचं यालाही मुंबईत अर्थ आहे. सुतारकाम आणि रंग दिवाळी ते होळी, हवा कोरडी असते. रूळ आणि तारा उन्हाळ्यात. पावसाळ्यात बोर्डाला हात लावू नका, प्लास्टर वाळत नाही, फेविकॉल तीन दिवस ओला राहतो. ते चार महिने टेबलावर बसून डबे रंगवा, चाकं बदला, स्टेशनची इमारत करा. पावसाळ्यातच रूळ टाकणं भाग पडलं तर जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडा, डिसेंबरमध्ये लाकूड आखडलं की ती भरून निघते. फट नसली तर रूळ उचलला जातो.

राहता राहिले इतरांचे फोटो. ही गोष्ट मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, मॉडेलचा फोटो कसा काढायचा हे मला चांगलं माहीत आहे. कॅमेरा बोर्डाच्या पातळीवर, मागे निळा कागद, कडेचं अर्धवट काम चौकटीबाहेर. तीन इंच पूर्ण असलं की तीस फूट पूर्ण वाटतं. आम्ही पाचजण दर महिन्याला एकाच्या घरी जमतो, आणि आमच्याकडे फोटो चालत नाही. एकच दाखवायचं: तुमच्या बोर्डवर गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा न थांबता गेली का. ज्याची गेली त्याची प्रगती झाली, मग बोर्ड कोरा प्लाय का असेना. जो बिघडलेलं दाखवतो त्याच्याभोवती सगळे बसतात आणि चांगलं झालेलं दाखवतो त्याला चहा मिळतो. तुम्हीही फोटोऐवजी तो अडलेला सांधा दाखवा, शक्यतो खालच्या बाजूचा. पुण्याला गेलात तर कोथरूडचं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघाच, पण घरी आल्यावर आठवडाभर आपल्या बोर्डाकडे बघू नका. मी तिथून आलो तेव्हा मलाही माझं सगळं मोडून टाकावंसं वाटलं होतं.

तेव्हा क्रम असा: लॉफ्टचं माप, मग कापणं, रंग, तारा, सांधे, दहा फेऱ्या, आणि त्यानंतरच खडी. दहा फेऱ्यांआधी खडी टाकलीत तर चुकलेला सांधा उखडायला जीव होत नाही, मी तसे दोन सांधे वर्षानुवर्षं चालवून घेतले आहेत.

आणि तो बोगदा फेकू नका. कर्जतच्या फलाटाला लागून बोगदा नाही हे मलाही माहीत आहे, विचारणारे विचारतील. पण लोणावळ्याच्या टोकाला, जिथे रूळ बोर्ड सोडून कॅसेटमध्ये जातो, तिथे गाडी नाहीशी व्हायला काहीतरी आडोसा लागणारच. मुंबईच्या टोकाला पादचारी पूल टाका, इकडे तुमचा बोगदा बसवा. त्याची रुंदी फक्त मोजून घ्या, ४२ मिलिमीटरचा डबा दोन्ही बाजूंना न घासता जायला हवा.